नोवा हुताची पायी फेरी

नोवा हुता हा पोलंडमधल्या क्राकूफ शहराचा पूर्वेकडचा भाग. जुन्या शहरापासून तो सुमारे दहा किलोमीटरवर आहे. ट्रामने अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये आलेल्या कम्युनिस्ट राजवटीने एक प्रचंड पोलाद कारखाना आणि त्याच्या कामगारांसाठी एक अख्खे नवे शहर वसवायचे ठरवले आणि १९४९ पासून ते प्रत्यक्षात आणले. १९८९ मध्ये राजवट गेली. शहर आणि त्यातली माणसे तिथेच राहिली. आता बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना हे शहर पायी फिरवून त्याचा कम्युनिस्ट काळ समजावून सांगणे हा तिथल्या अनेक गाईडांचा रोजचा व्यवसाय झाला आहे.

या व्यवसायात दोन तऱ्हा आहेत. काही जण पाहुण्यांना पूर्व जर्मनीत बनलेल्या जुन्या ट्राबांट गाडीत बसवून फिरवतात, त्या काळचे सामान मांडलेला एखादा फ्लॅट दाखवतात आणि परत आणून सोडतात. पायी फेरीला मात्र अडीच-तीन तास लागतात आणि गाईडची खरी कसोटी तिथेच लागते. गाडीतून इमारतींचे दर्शनी भाग दिसतात. चालताना घरापासून शाळा किती पावलांवर आहे, अंगणातून रस्त्यावर यायला वाट कुठून आहे, चौकातून कारखाना का दिसत नाही, हे पायांनाच कळत जाते. नोवा हुता एका आराखड्यातून जन्मलेले शहर असल्यामुळे त्याचा इतिहास असाच अंतरांमध्ये आणि वळणांमध्ये साठलेला आहे.

पोलंडमध्ये २०१४ पासून शहर दाखवणाऱ्या गाईडला सरकारी परवान्याची अट उरलेली नाही. व्यवसायात शिरणे त्यामुळे सोपे झाले. बोलण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे ज्याची त्याच्यावर आली. या फेरीसाठी नगररचना, पोलादाचा उद्योग, कॅथलिक चर्चचा इतिहास आणि ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना, अशा चार विषयांची बैठक लागते. त्यातला एक जरी कच्चा राहिला तरी गोष्ट एकीकडे कलते. एवढी तयारी झाल्यावरही मुख्य प्रश्न उरतोच, तो गोष्टीच्या क्रमाचा. सुरुवात दडपशाहीपासून केली तर लोक इथे आपणहून का आले ते कळत नाही, आणि सुरुवात घरांपासून करून तिथेच थांबले तर हेच लोक पुढे राजवटीच्या विरोधात का उभे राहिले ते कळत नाही. जाणते गाईड म्हणून फेरीची वाटच अशी आखतात की आधी दिलेले वचन दिसावे, मग त्याची किंमत आणि शेवटी त्याचा हिशेब.

बहुतेक गट पहिला प्रश्न विचारतात तो कारखाना इथेच का, हा. याचे एक उत्तर सर्वतोमुखी आहे. जून १९४६ च्या सार्वमतात क्राकूफने नव्या सत्ताधाऱ्यांच्या विरोधात कौल दिला होता. विद्यापीठाच्या, पाद्र्यांच्या आणि बुद्धिजीवींच्या या जुन्या शहराला धडा शिकवण्यासाठी त्याच्या उशाशी कामगारांचे शहर वसवले, असे सांगतात. ही गोष्ट रंगते, ऐकणाऱ्यांना आवडते, आणि म्हणूनच गाईडने तिथे सावध असावे लागते. जागेच्या निवडीमागे व्यवहाराची कारणे भक्कम होती. विस्तुला नदीचे पाणी जवळ होते, रेल्वेचे फाटे तयार होते. पश्चिमेला सायलेशियाचा कोळसा होता, पूर्वेकडून सोव्हिएत युनियनचे खनिज येणार होते आणि आसपासच्या दाट वस्तीच्या खेड्यांत काम शोधणारे हात होते. जुन्या शहराच्या वळणाला कामगारवर्गाचा तोल द्यावा, हा विचार सत्ताधाऱ्यांच्या मनात होताच. पण सूड हेच एकमेव कारण होते असे म्हणता येत नाही. ही कारणे एकापुढे एक मांडून पाहुण्यांना तोलू द्यावीत, ही या फेरीतली पहिली शिस्त.

त्याच जागी आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ही जमीन मोकळी नव्हती. मोगिवा, बियेन्चित्से, प्लेशूफ, क्शेस्वावित्से ही शेकडो वर्षांची गावे इथे होती, आणि मोगिवाचा सिस्टर्शियन मठ तर तेराव्या शतकातला. माती काळी आणि कसदार. ती पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या हातून जमीन गेली, आणि मिळालेला मोबदला तिच्या मोलाचा नव्हता. पुढे याच शेतकऱ्यांची मुले कारखान्यात कामाला लागली. उभ्या पिकाच्या शेतात मोजणीचे खुंट ठोकले गेले, हे चित्र मनात ठेवूनच पुढची देखणी वास्तू पाहायला हवी.

फेरीची सुरुवात मध्यवर्ती चौकातून होते. वास्तुरचनाकार तादेउश प्ताशित्स्की यांच्या चमूने आखलेला हा चौक संपूर्ण शहराची नाभी आहे. तिथून रुंद रस्ते पंख्यासारखे पसरतात. पहिल्यांदा येणारे पाहुणे इथे चकित होतात. कम्युनिस्ट शहर म्हणजे करड्या काँक्रीटचे ठोकळे, अशी समजूत घेऊन ते आलेले असतात आणि समोर दिसतात कमानींच्या ओवऱ्या, दगडी कठडे, प्रमाणबद्ध खिडक्या, झाडांच्या रांगा. स्टालिनच्या काळात समाजवादी वास्तववाद हीच अधिकृत शैली होती आणि इमारतीचे रूप त्या-त्या देशाच्या परंपरेतून यावे असा दंडक होता. पोलंडमध्ये त्यासाठी प्रबोधनकाळाची परंपरा निवडली गेली. जुन्या क्राकूफच्या बाजारचौकातल्या ओवऱ्या आणि इथल्या ओवऱ्या यांचे नाते म्हणूनच डोळ्यांना जाणवते. चौकाची दक्षिण बाजू मात्र अपुरी राहिली. योजनेतले नाट्यगृह तिथे झाले नाही, जवळचे नियोजित नगरभवनही कागदावरच राहिले. दक्षिणेला आता विस्तुलेच्या बाजूची विस्तीर्ण कुरणे दिसतात आणि पक्ष्यांसाठी व रानफुलांसाठी ती राखून ठेवली आहेत.

चौकातल्या पाट्या वाचून दाखवणे हा गाईडच्या कामाचा भाग आहे, कारण तिथे सगळा कालक्रम टांगलेला आहे. लेनिनच्या नावाचा रस्ता आता ‘सॉलिडॅरिटी’च्या नावाने ओळखला जातो. सहा वर्षांच्या योजनेचे नाव मिरवणारा रस्ता पोप जॉन पॉल दुसरे यांच्या नावाचा झाला. ऑक्टोबर क्रांतीचा रस्ता जनरल व्वादिस्वाव आंदेर्स यांच्या नावाने आहे. खुद्द चौकाला २००४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे नाव जोडले गेले. रोजच्या बोलण्यात तो अजून मध्यवर्ती चौकच आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना आंदेर्स यांच्या पाटीपुढे थोडे जास्त थांबवावे, इतका तिचा आपल्याशी संबंध आहे. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. पुढे सोव्हिएत भूमीवर आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहिले, आणि १९४२ मध्ये ते इराणमध्ये बाहेर पडले तेव्हा त्याच्याबरोबर हजारो बायका-मुलेही सुटली. त्यांतल्या सुमारे पाच हजार जणांना कोल्हापूरजवळ वळिवडे इथे आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे त्यांची घरे, शाळा, चर्च आणि बाजार असा संसार होता. युद्ध संपले तेव्हा त्यांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेलेली होती आणि उरलेल्या पोलंडवर कम्युनिस्ट सत्ता येत होती. म्हणून अनेक जण मायदेशी न परतता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले. वळिवड्याची वसाहत रिकामी झाली आणि पुढच्याच वर्षी नोवा हुताचा पहिला पाया खणला गेला. त्या रिकाम्या वसाहतीत पुढे फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबे राहिली, तेच आजचे गांधीनगर. एवढे ऐकल्यावर कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस त्या पाटीकडे परक्या नजरेने पाहत नाही.

चौक सोडून गट घरांच्या अंगणांत शिरतो. फेरीतला सर्वांत शिकवणारा भाग हाच. शहर छोट्या-छोट्या वसाहतींत विभागले आहे. पोलिशमध्ये त्यांना ‘ओशेद्ले’ म्हणतात. पत्ता सांगतानाही लोक रस्त्याऐवजी वसाहतीचे नाव आणि इमारतीचा क्रमांक सांगतात. काही हजार लोकांच्या प्रत्येक वसाहतीत पाळणाघर, शाळा, दुकाने अशा सोयी चालत जाण्याच्या टप्प्यात, आणि मुलांना शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये अशी मांडणी. शेजारगट ही कल्पना अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी मांडली होती. समाजवादी शहराने ती आपली केली आणि पुष्कळ ठिकाणी अमेरिकेपेक्षा नेटाने राबवली. अंगणातली झाडे आता तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या वर गेली आहेत. उन्हाळ्यात इमारती त्यांच्यामागे झाकून जातात.

पहिल्या घरांचे काम जून १९४९ मध्ये वांदा वसाहतीत सुरू झाले. बांधायला आले ते बहुतेक खेड्यांतले तरुण. जर्मन ताब्याची सहा वर्षे त्यांनी भोगली होती. ते बराकींत राहिले, चिखल तुडवत कामाला गेले. अनेकांनी इथेच अक्षरे गिरवली, इथेच एखादे कसब उचलले. मग फ्लॅट मिळाला. नळाला पाणी, न्हाणीघर, गरम राहणारी खोली आणि महिन्याचा पगार, हे सगळे त्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होते. अंगणात उभे राहून हे नीट सांगितले नाही तर उरलेली फेरी फोल ठरते. प्रचारपत्रकांतले वचन काही अंशी खरे झाले होते, म्हणूनच त्यावर माणसांनी विश्वास टाकला होता.

दुसरी बाजूही याच अंगणात सांगायची असते. कामाचे उच्चांक मोडण्याची स्पर्धा लावली जात असे. जुलै १९५० मध्ये प्योत्र ओझान्स्की या गवंड्याच्या टोळीने एका पाळीत हजारो विटा रचून विक्रम केला आणि त्याचे नाव देशभर गाजवले गेले. उत्साह ओसरल्यावर सत्तेला त्याची आठवण राहिली नाही. आंद्झेय वायदा यांच्या १९७७ च्या ‘मॅन ऑफ मार्बल’ या चित्रपटातला गवंडी अशाच आयुष्यांवरून घडला आणि त्याची संहिता दहा वर्षांहून जास्त काळ अडवून ठेवली गेली होती. बराकींतले हाल, दारू, एकटेपणा यांवर बोलायला १९५५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आदाम वाझिक या, तोवर पक्षाच्या बाजूने लिहिणाऱ्या कवीने एका दीर्घ कवितेत इथल्या जगण्याचे विदारक चित्र मांडले आणि ती छापणाऱ्या संपादकाला पद गमवावे लागले. त्याच वर्षी तरुण पत्रकार रिशार्द कापुश्चिन्स्की यांनी इथल्या कामगारांमध्ये राहून लिहिलेला वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पुढे नोबेल मिळालेल्या विस्वावा शिंबोर्स्का यांनीही उमेदीच्या काळात या नव्या शहराच्या स्वागताची कविता लिहिली होती; नंतर त्या लेखनापासून त्या दूर झाल्या. या तिघांची नावे एकत्र घेतली की त्या पिढीचा विश्वास आणि भ्रमनिरास दोन्ही समजतात, आणि कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागत नाही.

अंगणातल्या गवतात काही ठिकाणी जमिनीतून वर आलेल्या बुटक्या काँक्रीटच्या पेट्या दिसतात. बाजूंना जाळी, वर सपाट झाकण, कडेने शेवाळ. मुले खेळताना त्यांवर चढून बसतात. बहुतेक पाहुणे त्या ओलांडून पुढे जातात. गाईड थांबवतात आणि पायाखाली काय आहे ते सांगतात. या पेट्या तळघरांतल्या हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यांना हवा पुरवण्यासाठी आहेत. शीतयुद्धाच्या काळात इमारतींखाली असे दोनशेहून अधिक निवारे बांधले गेले. तिथे जाड पोलादी दारे, हवा गाळण्याची यंत्रे, दुसरीकडून बाहेर पडण्याचे भुयार अशी व्यवस्था होती. शांततेचे आदर्श शहर म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्याच्या पायाखाली युद्धाची भीती अशी गाडलेली होती. १९५७ मध्ये सुरू झालेल्या श्वियातोविद चित्रपटगृहाच्या इमारतीत आता नोवा हुताचे संग्रहालय आहे आणि तिच्या तळघरातला निवारा पाहता येतो. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई केल्यावर पोलंडभर अशा निवाऱ्यांची पाहणी झाली. तेव्हापासून या ठिकाणी येणारे प्रश्न भूतकाळाचे राहिलेले नाहीत. हे निवारे अजून चालू आहेत का, असे लोक काळजीने विचारतात.

अंगणांतून चालण्याची एक रीत आहे आणि ती गाईड आधीच समजावून सांगतात. इथे लोक राहतात. तळमजल्याच्या खिडक्यांतून आत पाहायचे नाही, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायचे नाहीत, जिन्यात शिरायचे नाही, आवाज चढवायचा नाही. कित्येकदा बाकावर बसलेले एखादे आजोबा किंवा आजी गाईडचे बोलणे ऐकत असतात आणि मध्येच तोंड घालतात. ‘हे आम्ही बांधले’ असे सांगणारे त्यांत असतात, आणि ‘त्यांना खरे सांगा, रांगेत उभे राहण्यात आमचे आयुष्य गेले’ असे सांगणारेही असतात. अशा वेळी चांगला गाईड आपले बोलणे थांबवतो आणि केवळ भाषांतर करतो. ऐकलेले आपल्या मांडणीत बसत नसले तरी त्यात भर घालत नाही, काटछाट करत नाही. या फेरीत पुस्तकी माहितीपेक्षा अशी पाच मिनिटे मोलाची ठरतात. ती आपल्या हातात नसतात. वेळ राखून ठेवणे आणि ऐकायची तयारी असणे एवढेच हातात असते.

चौकातून उत्तरेला जाणारा गुलाबांचा रस्ता हा पुढचा टप्पा. इथे एप्रिल १९७३ मध्ये मारियान कोन्येच्नी यांनी घडवलेला लेनिनचा अजस्र पुतळा बसवला गेला. लोकांनी त्याच्यावर रंग फेकला. एप्रिल १९७९ मध्ये बाँब लावून तो उडवण्याचा प्रयत्न झाला, त्यात त्याच्या पायाचा भाग फुटला. १० डिसेंबर १९८९ रोजी क्रेनने पुतळा उतरवण्यात आला आणि पुढे तो स्वीडनमधल्या एका मनोरंजन उद्यानात गेला. आज त्या जागी मोकळी फरशी आहे. पाहुण्यांना पुतळ्याचे जुने छायाचित्र दाखवून गाईड विचारतात, तो नेमका कुठे असेल? मग लोक आजूबाजूच्या खिडक्यांच्या ओळी जुळवून जागा शोधतात. जवळच १९५० च्या दशकापासून चालू असलेले ‘स्तिलोवा’ हे उपाहारगृह आहे. जुने रहिवासी अजून तिथे येऊन बसतात. थंडीच्या दिवसांत गटाला ऊब मिळावी म्हणून फेरीतली विश्रांती बहुधा इथेच घेतली जाते आणि सगळ्यांत मोकळे प्रश्न चहाच्या टेबलावरच निघतात.

पुढचा रस्ता १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘तेआत्र लुदोवी’ या नाट्यगृहावरून क्रुसाच्या जागेकडे जातो आणि गोष्टीला कलाटणी मिळते. नव्या शहराच्या आराखड्यात एकही चर्च नव्हते. कामगार मात्र खेड्यांतून आपली श्रद्धा घेऊन आले होते. १९५६ नंतरच्या सैल वातावरणात चर्चला परवानगी मिळाली, ठरलेल्या जागी क्रूस उभारला गेला. पुढे परवानगी मागे घेतली गेली आणि त्या जागी शाळा बांधायचे ठरले. २७ एप्रिल १९६० रोजी क्रूस काढायला माणसे आली तेव्हा आधी बायका आडव्या आल्या. पाळी संपवून आलेले कामगार त्यांना मिळाले आणि दिवसभर रस्त्यांवर पोलिसांशी झुंज चालली. अश्रुधूर, पाण्याचे फवारे, शेकडो अटका, मग तुरुंगवास आणि नोकऱ्यांवर गदा. क्रूस मात्र जागेवर राहिला. ज्यांच्या नावाने राज्य चालवले जात होते त्या कामगारांनीच राज्याला रोखले, ही नोवा हुताच्या इतिहासातली मोठी घटना याच कोपऱ्यावर घडली.

तिथून बियेन्चित्सेच्या बाजूला चालत गेले की ‘आर्का पाना’, म्हणजे प्रभूचे तारू, हे चर्च दिसते. क्राकूफचे तेव्हाचे बिशप कारोल वोयतिवा, पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, १९५९ पासून नाताळच्या मध्यरात्री इथे उघड्यावर, बर्फात प्रार्थना घेत आले. १९६७ मध्ये बांधकामाला परवानगी मिळाली. सरकारकडून साहित्य मिळणे मुश्कील होते, तेव्हा लोकांनी स्वतः काम उचलले. वोयचेख पिएत्शिक यांनी आखलेल्या या इमारतीच्या बाहेरच्या भिंती नदीतल्या गोट्यांनी मढवलेल्या आहेत. सुमारे वीस लाख गोटे लोकांनी ठिकठिकाणच्या नद्यांतून गोळा करून आणले. भिंतीला हात लावला की प्रत्येक गोट्याचा आकार वेगळा, रंग वेगळा. काही गुळगुळीत, काही खरबरीत, मध्ये सिमेंटची बारीक रेघ. पाहुण्यांना इथे बोलून दाखवायला फार काही लागत नाही. हात फिरवायला सांगितले की पुरते. १५ मे १९७७ रोजी वोयतिवा यांच्या हस्ते चर्चचे अर्पण झाले. आत दुसऱ्या महायुद्धातल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत जखमी झालेल्या पोलिश सैनिकांच्या अंगातून काढलेल्या गोळ्यांच्या तुकड्यांपासून ओतलेली मरियमची मूर्ती आहे. ती लढाई आंदेर्स यांच्याच सैन्याने लढली होती. चौकातल्या पाटीचा धागा इथे पुन्हा हाती लागतो.

१३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि ‘सॉलिडॅरिटी’वर घाला आला. त्यानंतर हे चर्च निदर्शनांचे केंद्र झाले. प्रार्थना संपली की मोर्चे निघत आणि वसाहतींच्या अंगणांतून पाठलाग चाले. मुलांना सुरक्षित चालता यावे म्हणून आखलेल्या त्याच वाटा आता पळणाऱ्या तरुणांच्या उपयोगी पडत होत्या. १३ ऑक्टोबर १९८२ रोजी चर्चजवळ बोगदान व्वोशिक हा वीस वर्षांचा कामगार गुप्त पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्याचे स्मारक तिथेच आहे. या जागी गाईड तारीख, वय आणि घटना एवढेच सांगतात. गटात विशीतली मुले असली तर अधिक काही सांगण्याची गरजही पडत नाही.

शेवटचा टप्पा दूर असल्याने तिथे ट्रामने जावे लागते. रुंद रस्त्याच्या टोकाला पोलाद कारखान्याचे फाटक आणि त्याच्या दोन बाजूंना राजवाड्यांसारख्या, कंगोऱ्यांच्या कठड्यांनी सजवलेल्या कचेरीच्या इमारती. १९५४ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि कारखान्याला लेनिनचे नाव दिले गेले. सुमारे दहा चौरस किलोमीटरच्या या आवारात १९७० च्या दशकाच्या अखेरीस जवळपास ३८,००० माणसे काम करत होती. धुराने क्राकूफच्या दगडी मूर्ती झिजवल्या आणि माणसांची छाती भरून टाकली, हेही इथेच सांगायचे. डिसेंबर १९८१ मधला संप सशस्त्र दलांनी मोडला. २६ एप्रिल १९८८ रोजी पुन्हा संप झाला आणि ५ मेच्या पहाटेपर्यंत तोही मोडला. पण त्या वर्षीच्या संपांच्या लाटेने सत्तेला वाटाघाटींच्या टेबलावर आणले आणि ४ जून १९८९ च्या निवडणुकीत लोकांनी निकाल लावला. १९९० मध्ये कारखान्याला पोलाद तंत्रज्ञ तादेउश सेन्झिमिर यांचे नाव मिळाले.

भारतीय पाहुण्यांना इथे आणखी एक ओळखीचे नाव ऐकू येते. २००४ मध्ये पोलंडचे सरकारी पोलाद कारखाने लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने घेतले, त्यांत हाही होता. २०१९ च्या अखेरीस इथली झोतभट्टी थांबली आणि २०२० मध्ये ती कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. पत्रे लाटण्याचे काम चालू राहिले. राजस्थानात जन्मलेल्या उद्योजकाच्या हाती लेनिनचा कारखाना गेला, हे ऐकून अनेकांना मौज वाटते. तिथे जन्मभर काम केलेल्यांना मात्र मालकाचे नाव बदलण्यापेक्षा भट्टी विझण्याचे दुःख मोठे आहे. ज्या कारणासाठी शहर जन्मले तेच संपले, आणि तरी दीड-दोन लाख माणसांचे शहर चालूच आहे. ही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय फाटकावरून परतू नये.

परतताना जवळजवळ प्रत्येक गटातून एक प्रश्न येतो: मग तेव्हा चांगले होते की आता? पूर्व युरोपातले पाहुणे आपल्या देशाशी ताडून विचारतात, पश्चिमेकडचे कुतूहलाने. १९८९ नंतर जन्मलेली पोलिश मुले आजी-आजोबांच्या परस्परविरोधी आठवणी जुळवण्यासाठी विचारतात. अनुभवी गाईड याचे एका शब्दात उत्तर देत नाहीत. घर कोणाला मिळाले, बोलायची मुभा कोणाला नव्हती, जमीन कोणाची गेली, शिक्षण कोणाला लाभले, तुरुंगात कोण गेले, असे प्रश्न सुटे करून ते परत गटापुढे ठेवतात. पाहिलेल्या जागा आठवून लोक स्वतःच उत्तरे देऊ लागतात आणि ती एकसारखी नसतात.

नोवा हुताच्या जुन्या भागाच्या रचनेला २०२३ मध्ये पोलंडने राष्ट्रीय महत्त्वाच्या वारशाचा दर्जा दिला. इमारती आता जपल्या जातील. पहिल्या विटा रचणारी पिढी मात्र जवळजवळ संपली आहे आणि क्रुसासाठी झुंजलेले लोक म्हातारे झाले आहेत. आजवर गाईड चुकला तर बाकावरचे कोणीतरी त्याला दुरुस्त करत असे. पुढे ती सोय राहणार नाही. म्हणून आज हे काम करणाऱ्यांवर दुहेरी जबाबदारी आहे. जे हयात आहेत त्यांचे सांगणे नीट टिपून ठेवायचे आणि आपल्या फेरीत त्याला जागा द्यायची. कामगारांसाठी म्हणून उभारलेल्या या शहरात कामगारांनी खरोखर घर केले, आणि त्या घरातूनच त्यांनी आपल्या नावाने चाललेल्या सत्तेला जाब विचारला. या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत, एकमेकींना न झाकता पाहुण्यांपर्यंत पोहोचल्या, तर गाईडचे काम नीट झाले असे म्हणता येते.